खुर्चीतली कुंडी

"खाली ठेव. आधी तो फोटो खाली ठेव आणि मग तोंड उघड," नाना ओरडत होते.

कल्याणला पारनाक्याजवळ त्यांचं घर. त्या घराच्या ओटीवर मी स्टुलावर उभा होतो. हातात फोटोची चौकट, चौकटीवरचा चंदनाचा हार माझ्या मनगटात अडकलेला, आणि खाली मुंजीला जमलेले पाहुणे जिलबीची ताटं हातात धरून वर बघत होते. नानांचा आवाज मी अकोल्याच्या वाचकांना कसा ऐकवू? दुर्गाडीच्या बुरुजावरचे कावळे उडाले ते थेट भिवंडीत जाऊन बसले. ज्याची मुंज होती तो नानांचा नातू ब्रह्मचर्य सोडून एकदम संन्यासाला निघाला, त्याला त्याच्या मामाने काखेत धरून परत आणला.

मी आवाजात कमी आहे असं आपल्या गावात कुणी म्हणणार नाही. मीही ओरडलो, "नाना, या खुर्चीत माझी आत्या होती. ती कुठे गेली ते सांगा, मग ठेवतो."

आता हे सगळं काय होतं ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा मुंजीला गेला आणि भिंती उतरवत बसला.

माझी आत्या साठीला आली आहे. लग्न होऊन ती कल्याणला गेली आणि वर्षाच्या आत विधवा होऊन अकोल्याला आमच्याकडे परत आली. त्यानंतर तिने कल्याण पाहिलं नाही. नाना तिचे धाकटे दीर. आत्याची एक गोष्ट आहे, ती आमच्या घरात तिन्ही पिढ्यांना पाठ आहे. लग्नानंतर तिच्या नवऱ्याने तिला ठाण्याला नेऊन फोटो काढवला. फोटोवाला म्हणाला, यजमानांनी खुर्चीत बसावं, बाईंनी शेजारी उभं राहावं. नवरा म्हणाला, ती बसेल, मी उभा राहतो. आणि त्या काळात, सासू जिवंत असताना, आमची आत्या खुर्चीत बसली आणि तिचा नवरा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

ही गोष्ट आत्या पंगतीत सांगायची आणि आम्ही सगळे माना खाली घालून हसायचो. घरात थापा मारण्याचा मान माझा आहे, तो आत्याने बळकावला असं मी म्हणायचो. परवा मुंजीची पत्रिका आली तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, "जातोच आहेस तर तो फोटो मागून आण. डोळे आहेत तोवर बघते एकदा." तिच्या एका डोळ्यात पडदा आला आहे, दुसऱ्यात येतो आहे.

तर मी पहाटे कल्याणला उतरलो, टांगा केला, टांगेवाल्याला वाटेत सांगितलं की मी वऱ्हाडातला मोठा जमीनदार आहे. त्याने घोड्याला सांगितलं असावं, कारण घोडा लगेच मंद झाला. नानांकडे पोचलो तर स्वागत चांगलं झालं. मुंजीचं जेवण उत्तम होतं, ते मी नाकारणार नाही. मठ्ठा असा की पहिल्या वाटीनंतर मी नानांना सगळ्या जुन्या गोष्टींची माफी दिली. दुसऱ्या वाटीला भिंतीकडे पाहिलं आणि माफी मागे घेतली.

भिंतीवर आत्याचे यजमान उभे होते. काळा कोट, पगडी, कोवळ्या मिशा. शेजारी खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा हात, अगदी जपून ठेवलेला. आणि खुर्चीत एक कुंडी. भली मोठी, नक्षीची, वर झावळ्यांसारखी पानं पसरलेली. एक तरुण माणूस प्रेमाने कुंडीच्या पाठीवर हात ठेवून उभा आहे असा फोटो मी जन्मात पाहिला नव्हता. म्हणून मी स्टुलावर चढलो.

नानांनी शेवटी कारण सांगितलं, आणि ते सांगताना आवाज खाली आणला. त्यांचं म्हणणं त्यांना स्वच्छ वाटत होतं. "अरे, दादाचा श्राद्धाला फोटो लागतो. फोटोला हार घालायचा असतो. शेजारी तुझी आत्या बसलेली. ती जिवंत. जिवंत माणसाच्या फोटोवर हार पडला तर तिचं आयुष्य तुटेल. म्हणून ठाण्याच्या फोटोवाल्याकडून तिला काढून घेतली. तिच्याच भल्यासाठी."

"तिला विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? ती जगली की नाही? बघ, साठीला आली."

पाहुण्यांत चारदोन माना हलल्या. म्हणजे आत्याचं आयुष्य वाढवलं ते कल्याणच्या मंडळींनी, इतकी वर्षं तिने अकोल्यात भाकरी थापून आमचं घर वाढवलं ते फुकट. मी खाली उतरलो. मी काय बोललो ते इथे लिहीत नाही, या मासिकाचे संपादक सोवळे आहेत. एवढंच लिहितो की नानांच्या घरातला एक म्हातारा, जो बहिरा आहे असं सांगत होते, तो उठून आत गेला.

चौकट मी परत खिळ्यावर लावली. त्यात आत्या नव्हतीच, तर नेऊन करू काय?

दुपारच्या गाडीने डोंबिवलीला आलो. तिथे नानांची धाकटी बहीण गोदूताई राहते. मुंजीत तिने मला पदराआडून खूण केली होती आणि माझ्या आधीच्या गाडीने ती घरी पोचली होती. डोंबिवली म्हणजे स्टेशन, भाताची रिकामी खाचरं, आणि खाचरांत मधूनमधून मुंबईच्या कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्यांची नवी घरं. इथे माणसांपेक्षा साप जास्त आणि सापांपेक्षा कवी जास्त, असं गोदूताईचे यजमान म्हणाले. रात्री अंगणात काहीतरी सळसळलं तेव्हा दोन्हींपैकी काय असेल या भीतीने मी झोपलो नाही.

गोदूताई सत्तावन्न वर्षांची, कपाळभर कुंकू, आणि बोलायला लागली की विळीवर नारळ खवते आहे असं वाटावं. तिने घावन आणि नारळाचं दूध वाढलं आणि म्हणाली, "नानाशी काय डोकं फोडतोस? तो लहानपणापासून तसाच. देवाला नैवेद्य दाखवतानासुद्धा देवाला विचारायचा नाही, भूक आहे का म्हणून."

"ताई, फोटोची गोष्ट खरी आहे का?"

"खरी म्हणजे? मी होते ना बरोबर. सोबत म्हणून मला पाठवली होती आईने. दादा म्हणाला, हिला बसू दे. फोटोवाला हसला. दादा म्हणाला, तू हस, पण तिला बसव. घरी आल्यावर आईने दोन दिवस दादाशी बोलणं टाकलं आणि वहिनीला पंधरा दिवस माझ्याबरोबर जेवायला बसवलं नाही."

तिने मला आणखी एक घावन वाढलं. मग म्हणाली, "वहिनी केवढी, तेरा-चौदाची. आईचा धाक असा की दिवसाउजेडी दादाकडे मान वर करून बघायची नाही. रात्री खोलीत जाईपर्यंत दिवे मालवलेले. वर्ष नाही झालं आणि दादा तापाने गेला. अंत्यदर्शनालासुद्धा हिला आतल्या खोलीत ठेवली."

मी ताटावर इतक्या जोरात हात आपटला की दूध सांडलं. गोदूताईने ते पुसलं आणि म्हणाली, "माझ्या ताटावर राग काढू नकोस. ठाण्याला जा. टेंभी नाक्याजवळ तोच फोटोवाला अजून बसतो. मूळची काच, जिच्यावरून फोटो छापतात ती, त्याच्याकडे असेल. तो मेला कधी काही टाकत नाही."

सकाळी तिने मला रेल्वेने जाऊ दिलं नाही. तिच्या दारच्या झाडाचा फणस फोटोवाल्याच्या बायकोला द्यायचा होता. दोघींची जुनी ओळख होती, आणि तो फणस आकाराने एखाद्या म्हशीच्या रेडकाएवढा होता. मी अतिशयोक्ती करतो असं लोक म्हणतात. रेडकू लहान होतं, एवढं मान्य करतो. शेजारच्या गावचा हिराजी नावाचा आगरी माणूस बैलगाडी घेऊन शीळफाट्याला चालला होता. तिथून पनवेलची मोटार थेट ठाण्याला टेंभी नाक्यापर्यंत जाते, म्हणून फणस आणि मी गाडीत चढलो.

रस्ता उन्हात पांढरा पडला होता. दोन्ही बाजूंना खाचरं, मग टेकड्या, मधे एखादी बाव (विहीर) आणि तिच्याभोवती घागरी. हिराजीने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"तोंड कशाला येवरासा (एवढंसं) केलाय?"

मी त्याला सगळी हकिगत सांगितली. थोडी तिखटमीठ लावून. नानांना मी सात फूट उंच केलं आणि कुंडीला माणसाएवढी.

हिराजीने बैलांना चुचकारलं. "म्हंजे बायको पुसली न कुंडी बसवली?"

"हो."

"तुमचे बामनांचा काय सांगाचा. बाप्याचा कुंडीशी लगीन लावलाव. मंग पोरा काय झाली, तुलशी?"

मला हसू आलं आणि आलेल्या हसण्याचा राग आला. मी म्हटलं, "तुमच्यात विधवेला काय मोठं सिंहासनावर बसवतात?"

"नाय बसवत," तो म्हणाला. "पन मिठागरान टोपली उचलाला तीच पुढं आसते. तिला पुसली तं मीठ कोन काढल?" मग बैलाची शेपटी पिळून म्हणाला, "माझे आयशीचा फोटू नाय. कोनी काढलाच नाय. तुमचा काढला तरी नाय. सारखाच झाला."

ते सारखं नाही हे मी त्याला शीळफाट्यापर्यंत पटवत होतो. त्याला पटलं नाही. शीळफाटा म्हणजे दोन रस्ते, एक वड, एक चहाची टपरी आणि ताडगोळे विकणाऱ्या दोन बाया. मी इतके ताडगोळे खाल्ले की त्या बायांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. हिराजी जाताना म्हणाला, "कुंडी दिसली तं नमस्कार कर, आत्या हाय तुमची."

मोटार आली आणि मुंब्र्याच्या डोंगराखाली वळणावर फणस फुटला. त्याचा वास मोटारीत असा पसरला की कंडक्टरने आधी माझ्याकडे, मग देवाकडे पाहिलं. एक मारवाडी शेटजी खिडकीतून अर्धे बाहेर गेले. मी मांडीवर फुटका फणस धरून बसलो होतो आणि बाहेर उजव्या हाताला खाडी चमकत होती, पलीकडे खाजण (भरतीचं पाणी शिरतं ती खारट जमीन), आणि कळव्याकडे मिठाच्या पांढऱ्या राशी ओळीने. देखावा फार सुंदर होता. मी तो रागाने पाहिला. चीक हाताला, धोतराला, कपाळाला लागला होता, आणि अशा अवतारात मी टेंभी नाक्याला उतरलो.

स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली, मागे घर. आत भिंतीवर रंगवलेला महाल, महालापुढे तीच खुर्ची. मी तिला लगेच ओळखलं. फोटोवाला ऐंशीच्या घरातला, डोळ्याला घड्याळजींसारखं भिंग लावून एका नवरीच्या फोटोतले गाल गुळगुळीत करत बसला होता. मी नानांचं नाव सांगितलं. त्याचा चेहरा खुलला.

"कल्याणची कुंडी? पाहिलीत? पान न पान मोजून काढलंय. शिरासुद्धा आहेत. आधी छापलेल्या फोटोवर रंगाने काढली, मग त्याचा पुन्हा फोटो घेतला, म्हणून जोड कुठे दिसत नाही. मूळ काचेला मी हात लावत नाही, तो माझा नेम आहे."

"त्या कुंडीखाली माझी आत्या आहे."

"हो ना. अवघड काम होतं. नऊवारीचे काठ खुर्चीच्या बाहेर आले होते, म्हणून पानं एवढी पसरवावी लागली." मग सहज, सुपारी कातरत, म्हणाला, "अशा पुष्कळ काढल्यात मी. यजमान गेले, बाई लहान, हार घालायचा. इकडे ठाण्यात, कळव्यात, तिकडे कल्याणपर्यंत. ज्यांना कुंडी नको त्यांना टेबल काढून द्यायचो, वर पुस्तकं. एकांना मोर हवा होता, तो मी नाकारला. खुर्चीत मोर बरा दिसत नाही."

वाचकहो, मी मनात मोजू लागलो. कल्याणच्या त्या मुंजीच्या घरी जेवलेल्या पाहुण्यांच्या घरी किती कुंड्या असतील, किती टेबलं, आणि त्यांच्यामागे किती तेरा-चौदा वर्षांच्या मुली, ज्या कुठल्यातरी गावी भावाच्या चुलीपुढे म्हाताऱ्या होऊन भाकऱ्या थापत असतील. आणि हा माणूस शिरा मोजत होता. मग माझ्या तोंडाचा बांध फुटला. मी ओरडलो ते टेंभी नाक्यावरचे टांगेवाले टांगे सोडून दाराशी आले. मला मूळ फोटो आत्ताच्या आत्ता छापून हवा, असं मी सांगितलं. नाही मिळाला तर आत्याला इथे घेऊन येईन आणि त्या खुर्चीत बसवीन आणि ती उठणार नाही, असंही सांगितलं.

फोटोवाला गांगरला, पण हटला नाही. "नानासाहेबांना विचारल्याशिवाय कसं देऊ? फोटो त्यांच्या घराचा."

"खुर्चीत कोण बसलंय?"

"ते आहेच. पण पद्धत असते ना काही."

तेवढ्यात आतून त्याची बायको आली. ठेंगणी, पायात जोडवी, हाताला पीठ. तिने आधी माझ्या हातातला फुटका फणस घेतला, वास घेऊन पाहिला आणि बाजूला ठेवला. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "द्या छापून."

"अगं, पण..."

"अहो, द्या. उद्या तुम्ही गेलात की पोरं तुमच्या फोटोला हार घालतील. आपला फोटो एकत्र आहे, बाहेरच्या खोलीत. मला कशात घालणार, तेही सांगून ठेवा. कुंडी मला नको. मला माती खायची सवय नाही."

दाराशी टांगेवाल्यांत हशा पिकला. फोटोवाल्याने भिंग कपाळावर सरकवलं. मग तो उठला, आतल्या माळ्यावरून लाकडी पेटी काढली, आणि मला अंधाऱ्या खोलीत घेऊन गेला.

तांबड्या दिव्याखाली औषधाच्या पाण्यात कोरा कागद पडला होता. आधी काळा कोट आला. मग खुर्चीची पाठ, तिच्यावरचा हात. मग नऊवारीचे काठ, जे झाकायला एवढी पानं पसरवली होती. सगळ्यात शेवटी चेहरे. खुर्चीत एक मुलगी बसली होती. नाकातली नथ तिच्यापेक्षा मोठी वाटत होती, पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि ती समोर अशी बघत होती की आता ही उठून पळणार. माझी आत्या. तिची थाप शब्दन् शब्द खरी होती. मी आयुष्यभर खोटं बोलून जेवलो आणि खरं बोलणारीला हसलो, याचा राग मला नानांपेक्षा स्वतःचा जास्त आला. तो कुठे काढावा हे न कळून मी त्या अंधाऱ्या खोलीत फोटोवाल्यालाच दोन शब्द आणखी ऐकवले. तो म्हणाला, "हलू नका, कागद ओला आहे."

परतीची गाडी कल्याणला बराच वेळ थांबली. उतरावं, पारनाक्यावर जावं, नानांच्या नाकासमोर फोटो धरावा, असं दहा वेळा मनात आलं. पण माझा घसा बसला होता, आणि घसा बसलेल्या माणसाने नानांसमोर जाऊ नये. मी खिडकीतून कल्याणच्या दिशेने एकदा हात हलवला. ते आशीर्वाद नव्हते.

अकोल्याला पोचलो तेव्हा पंगत बसली होती. मी हात न धुता उभ्यानेच सगळी हकिगत सांगितली. नाना, हार, कुंडी, फोटोवाला, मोर. घरातली मुलं घास हातात धरून ऐकत होती. बायको डोळे पुसत होती. या वेळी मी तिखटमीठ लावलं नाही, लावायला जागाच नव्हती. आता या घरात आत्याच्या गोष्टीला कुणी हसेल तर माझ्याशी गाठ आहे, असं मी जाहीर केलं आणि फोटो आत्याच्या हातात दिला.

आत्या उठून खिडकीशी गेली. उजेडात, चांगल्या डोळ्याजवळ तिने तो धरला. आम्ही सगळे वाट बघत होतो. तिचं बोट कागदावर हळूहळू फिरत होतं, पण ते खुर्चीवर नव्हतं.

"आत्या, इकडे बघ ना," मी घोगऱ्या आवाजात म्हणालो. "खुर्चीत बघ. तू आहेस. कुणी पुसलेली नाही."

"मला मी ठाऊक आहे रे," आत्या म्हणाली. "यांना नीट बघू दे मला."